संगणक सुरूच होत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वळवाचे दिवस सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी प्रिंटर, मराठी टंकलेखन किंवा इंटरनेटबद्दल विचारणारे वाचक ‘बटण दाबले तरी काहीच होत नाही’ असे लिहू लागतात. या अंकासाठी अशीच पाच पत्रे निवडली आहेत. त्यांतील काहींना ‘एसएमपीएस (भिंतीतील वीज संगणकाला चालेल अशी करून देणारी पेटी) आणि मदरबोर्ड (सर्व भाग जोडलेला मुख्य बोर्ड) गेले’ किंवा ‘नवा संगणकच घ्या’ असे आधीच सांगण्यात आले आहे. पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील उत्तरे शांतपणे वाचावीत, अशी विनंती आहे, कारण आपल्या भागात बिघाड पुष्कळदा संगणकाच्या पेटीबाहेर सापडतो आणि पेटीच्या आत असला तरी तो नेमका कोठे आहे हे कोणताही भाग विकत न घेता शोधता येते.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी विजांच्या कडकडाटासह वळीव झाला. रात्री वीज परत आल्यावर घरचा डेस्कटॉप सुरू होईना. पुढचा दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, कसलाही आवाज येत नाही. फोनवर विचारल्यावर एका दुरुस्तीवाल्याने एसएमपीएस आणि मदरबोर्ड दोन्ही गेले असणार, असे सांगितले. बेळगावला नेण्यापूर्वी मला घरी काय तपासता येईल? माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो.
— एक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : गुरुजी, संगणक समोर नसताना दोन्ही भाग गेले असा निर्णय फोनवरून देता येत नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही ही लक्षणे खांबापासून मदरबोर्डापर्यंतच्या कोणत्याही एका टप्प्यावर वीज अडली तरी सारखीच दिसतात. विहिरीचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले नाही तर शेतकरी वाफा उकरत बसत नाही, तो विहिरीपासून पाटाच्या कडेने चालत येतो. आपणही भिंतीपासून आत यावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

सुरुवात भिंतीवरच्या सॉकेटपासून करावी. टेस्टर पेटला म्हणजे वीज आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते, परंतु ते अर्धेच खरे आहे. टेस्टरमधला छोटा निऑन दिवा फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, आपल्या शरीरावाटे जमिनीकडे जाणाऱ्या अत्यंत अल्प प्रवाहावर पेटतो. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटलेला असला तरीही तो पेटतो, मात्र त्या सॉकेटवर कोणतेही उपकरण चालत नाही. म्हणून त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून पाहावा आणि नंतर मल्टिमीटर एसीच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून फेज व न्यूट्रल यांमधील व्होल्टेज मोजावे. ते २३०च्या आसपास असायला हवे. वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला तर एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या काही घरांत व्होल्टेज फार खाली जाते आणि काही घरांत ते ४०० व्होल्टच्या जवळपासही चढू शकते. त्या रात्री शेजारीपाजारी बल्ब किंवा मोबाईलचे चार्जर उडाले का, हे अवश्य विचारावे. आकडा २३०पासून फार दूर असेल तर संगणक, टीव्ही, फ्रीज काहीही जोडू नये आणि हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सॉकेट ठीक असेल तर पुढचा टप्पा यूपीएसचा, म्हणजे वीज गेल्यावर संगणक काही वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या डब्याचा, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित टप्पा हाच आहे. घरगुती लहान यूपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. बॅटरी पूर्ण बसली की काही यूपीएस भिंतीतून वीज मिळत असूनही बाहेर काहीच देत नाहीत, तर काही नुसतेच बीप करीत राहतात. यूपीएस पूर्णपणे बाजूला काढून संगणकाची केबल थेट भिंतीच्या थ्री-पिन सॉकेटला लावून पाहावी. त्यानेच संगणक सुरू झाला तर आपला खर्च एका बॅटरीवर भागेल. त्याने फरक पडला नाही तर केबलही बदलून पाहावी. मॉनिटरची आणि संगणकाची केबल बहुधा एकाच प्रकारची असते, त्यामुळे वेगळी आणावी लागत नाही. स्पाइक गार्ड (झटक्यापासून संरक्षण देणारी अनेक सॉकेटांची पट्टी) असेल तर त्यावरचे रीसेटचे बटण उडालेले नाही ना, हे पाहावे. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच साफसफाई करताना कोणी बंद केलेला असणे हेही नेहमीचे कारण आहे. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल सरकता स्विच असतो. तो २३०वरच असला पाहिजे. ११५वर सरकवून आपल्याकडची वीज दिली तर एसएमपीएस त्याच क्षणी जळतो.

यानंतर एक बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. केबल भिंतीतून काढून टाकावी आणि मगच पुढचे पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. विजेच्या धक्क्याने एसएमपीएसमधील संरक्षक यंत्रणा कधीकधी स्वतःला कुलूप लावून घेते आणि आतल्या कपॅसिटरांत साठलेली वीज संपेपर्यंत ते कुलूप उघडत नाही. बटण दाबून धरल्याने तो साठा रिकामा होतो. केबल परत जोडल्यावर यंत्र सुरू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, विशेषतः वीज लागोपाठ जा-ये केल्यानंतरची.

तरीही यश आले नाही तर केबल काढून कॅबिनेटचे बाजूचे झाकण उघडावे. मदरबोर्डावर काम करताना तेथे १२ व्होल्टपेक्षा अधिक काही नसते, त्यामुळे भीती बाळगण्याचे कारण नाही. एसएमपीएसची बंद पेटी मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तिच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि केबल काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात. ही सूचना मी या सदरात वारंवार देतो आणि पुढेही देत राहीन, कारण हा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

झाकण उघडल्यावर केबल जोडून मदरबोर्डावर एखादा छोटा दिवा लागतो का, हे पाहावे. अनेक बोर्डांवर तो असतो. संगणक ‘बंद’ असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा एक स्वतंत्र पुरवठा करीत असतो आणि दिवा त्यावर लागतो. दिवा लागला तर एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही, एवढे निश्चित होते. मग संशय पुढच्या बटणावर घ्यावा. १९९५च्या सुमारास आलेल्या एटीएक्स रचनेपासून हे बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे वीज जोडत-तोडत नाही, ते मदरबोर्डाला केवळ एक क्षणाचा इशारा देते. त्याच्या दोन बारीक तारा बोर्डाच्या कोपऱ्यातील पिनांवर बसवलेल्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ‘पॉवर स्विच’ म्हणून दाखवलेल्या त्या दोन पिनांवरची टोपी काढून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिनांना एकदम, क्षणभरच, स्पर्श करावा. यंत्र सुरू झाले तर बिघाड फक्त बटणात आहे. अशा वेळी रीसेट बटणाची तार त्या पिनांवर लावावी आणि यापुढे रीसेटच्या बटणानेच संगणक सुरू करावा. एक पैसाही लागत नाही.

बटणाचा दोष नसेल तर एसएमपीएसची वेगळी परीक्षा घ्यावी. केबल काढून मदरबोर्डाला लावलेला २४ पिनांचा रुंद कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर सोडवावा. रुंद कनेक्टरमध्ये एकच हिरवी तार असते. ती आणि शेजारची कोणतीही काळी तार यांना वाकवलेल्या जेम्स क्लिपने जोडावे, जुना एखादा पंखा किंवा डीव्हीडी ड्राइव्ह भार म्हणून लावून ठेवावा आणि मग केबल जोडून मागचा स्विच चालू करावा. पंखा फिरू लागला की मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर घेऊन काळ्या तारेच्या तुलनेत मोजणी करावी. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल आणि जांभळ्या तारेवर ४.७५ ते ५.२५, तर नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. अनेक नव्या एसएमपीएसमध्ये सर्व तारा काळ्या असतात. तेथे १६ क्रमांकाची पिन हिरव्या तारेची आणि १७ क्रमांकाची पिन काळ्या तारेची, हे पुस्तिकेतील आकृतीवरून खात्री करूनच जोडावे. काही ब्रँडेड संगणकांचे कनेक्टर वेगळे असतात, त्यांच्यावर ही परीक्षा करू नये.

केबल लावूनही जांभळ्या तारेवर काहीच मिळाले नाही, तर एसएमपीएस गेला असे मानता येते. आतला फ्यूज उडाला असेल, तो बदलून भागेल, असे कोणी सांगितले तरी ऐकू नये. फ्यूज बहुधा दुसरा एखादा भाग जळल्यामुळे उडतो. एसएमपीएस या परीक्षेत उत्तीर्ण झाला आणि तरी बोर्डाला जोडल्यावर सर्व मृतच राहिले, तर शेवटचा प्रयत्न म्हणून हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, सर्व यूएसबी उपकरणे आणि नेटवर्कची केबल सोडवून केवळ प्रोसेसर व रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) यांवर यंत्र सुरू करून पाहावे.

नेटवर्कच्या केबलचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. कडाडणाऱ्या विजेचा झटका भिंतीतूनच येतो असे नाही. तो राउटरमधून नेटवर्कच्या तांब्याच्या तारेवाटे थेट मदरबोर्डावरही पोचतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही हे खरे असले, तरी त्या फायबरच्या डब्याचा अ‍ॅडाप्टर घरातल्याच विजेच्या बोर्डावर असतो. आपला राउटरही त्याच रात्री बंद पडला असेल तर मदरबोर्डाला इजा झाल्याची शक्यता बरीच वाढते आणि मग दुरुस्तीवाल्याचा अंदाज बरोबर ठरू शकतो. तसे असले तरी दुकानात गेल्यावर आधी त्यांच्याकडचा चालू एसएमपीएस आपल्यासमोर लावून दाखवण्यास सांगावे. बसने नेताना फक्त कॅबिनेट न्यावे, मॉनिटर आणि यूपीएस घरीच ठेवावेत.

प्रश्न : आमच्या घरी यंत्रमाग आहेत आणि हिशेब व साड्यांच्या नक्षीचे काम संगणकावर चालते. गेल्या काही महिन्यांपासून सकाळी पहिल्यांदा संगणक सुरू होत नाही. बटण बऱ्याच वेळा दाबल्यावर एकदाचा सुरू होतो आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतो. हा बटणाचा दोष आहे का?
— एक विणकर, वडगाव, बेळगाव

उत्तर : बटणाचा दोष दिवसभर सारखाच जाणवला असता. ‘थंड असताना सुरू होत नाही, एकदा गरम झाला की चालतो’ हे थकलेल्या एसएमपीएसचे अगदी ठळक लक्षण आहे. एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांत एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सुकत जातो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो आणि बेळगावची सकाळ वर्षातले बरेच महिने गार असते. बटण दाबल्यावर सर्व व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत आले की एसएमपीएस करड्या तारेवरून मदरबोर्डाला ‘सर्व ठीक’ असा संकेत देतो. निरोगी एसएमपीएसमध्ये हे अर्ध्या सेकंदाच्या आत घडते. आपल्याकडे व्होल्टेज वेळेत स्थिर होत नाही, संकेत जात नाही आणि बोर्ड सुरू होण्यास नकार देतो. बऱ्याच वेळा प्रयत्न केल्यावर कपॅसिटर किंचित गरम होतात आणि काम होऊन जाते.

हे आपल्याच घरी लवकर का घडले, याचे उत्तर मागाजवळ आहे. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत माग आणि राहते घर यांत बहुतेक वेळा एक भिंतच असते. सुताचा बारीक कापूस हवेत तरंगतो, एसएमपीएसचा पंखा तो आत ओढतो आणि जाळीवर त्याचा नमद्यासारखा थर बसतो. हवा फिरेनाशी झाली की आतले तापमान वाढते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की या कपॅसिटरांचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य ठोकताळा आहे. आपल्या एसएमपीएसच्या मागच्या जाळीला बोट लावून पाहिले तरी माझे म्हणणे पटेल.

दुसरे कारण मागांच्या मोटारींचे आहे. कोणतीही मोटार सुरू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह खेचते, आणि गल्लीतले माग सकाळी एकाच सुमारास सुरू झाले की व्होल्टेज खाली जाते. थकलेल्या एसएमपीएसला नेमक्या त्याच वेळी अधिक ताण पडतो. सकाळी माग सुरू होण्यापूर्वी आणि सुरू होताना सॉकेटवरचे व्होल्टेज मोजून लिहून ठेवावे. फरक मोठा असेल तर संगणकाची वायर मागांच्या फेजवरून न घेता मीटरजवळून स्वतंत्र ओढून घेणे हा कायमचा उपाय आहे, आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावा.

एसएमपीएस बदलण्यापूर्वी मदरबोर्डावरचे प्रोसेसरजवळील उभे, डब्यासारखे कपॅसिटर टॉर्चच्या उजेडात पाहावेत. त्यांची माथी सपाट असली पाहिजेत. एखादे फुगलेले असेल किंवा त्यावर तपकिरी कीट दिसत असेल, तर दोष बोर्डातही आहे आणि नुसता एसएमपीएस बदलून समाधान होणार नाही. माथी सपाट असतील तर निःशंकपणे एसएमपीएस बदलावा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा हलका एसएमपीएस घेऊ नये. वजनाला भारी, ज्यावर १२ व्होल्टची क्षमता अँपिअरमध्ये स्पष्ट लिहिली आहे आणि किमान तीन वर्षांची हमी आहे, असा घ्यावा. काम अडल्याने मागावरच्या माणसांची मजुरी थांबते, त्यामुळे पूर्ण बंद पडण्याची वाट न पाहता तो आताच बदलावा, असे मला आपुलकीने सांगावेसे वाटते. नवा बसवल्यावर दर महिन्याला संगणक बंद करून, केबल काढून, ब्लोअरने बाहेरूनच जाळी साफ करावी. त्या वेळी पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर जोराच्या हवेने ते गरगर फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.

प्रश्न : आमच्या संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. मुलांना हे खेळासारखे वाटते, मला मात्र भीती वाटते. त्यातच परवापासून बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरतो आणि लगेच बंद पडतो. या दोन्ही गोष्टींचा संबंध आहे का?
— एक गृहिणी, निपाणीजवळील गाव

उत्तर : ताई, आपली भीती योग्य आहे. मुलांना आजपासूनच त्या पत्र्याला हात लावू देऊ नये. दोन्ही गोष्टींचे कारण बहुधा वेगवेगळे आहे, परंतु मुंग्यांचा प्रश्न अधिक गंभीर असल्यामुळे तो आधी घेतो.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतील गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगले असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहते आणि हाताला मुंग्या येतात. तो प्रवाह स्वतः फार थोडा असतो, परंतु त्याचा अर्थ असा की उद्या खरोखरच फेजची तार पत्र्याला लागली तर तिला जमिनीत नेणारा मार्ग आपल्या घरात नाही. थ्री-पिन प्लगला टू-पिनचा जोड लावला असेल किंवा वरची जाड पिन कोणी कापून टाकली असेल तर ते प्रथम दुरुस्त करून घ्यावे.

पुढचे काम वायरमनचे आहे, मात्र त्याने काय मोजले ते आपण विचारून घ्यावे. फेज आणि न्यूट्रल यांत २३० मिळतात, तर फेज आणि अर्थ यांतही जवळपास तेवढेच मिळाले पाहिजेत, आणि न्यूट्रल व अर्थ यांत दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक नसावेत. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती पाइपापासून सुटते. पाइप जागेवर असूनही अर्थिंग नाहीसे होते ते असे. कोळसा आणि मीठ घालून भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमित पाणी ओतावे लागते. खड्डा जुना झाला असेल तर सुमारे अडीच मीटरचा पाइप नव्याने पुरून घ्यावा. एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नये, ती म्हणजे सॉकेटच्या आत अर्थची पिन न्यूट्रलला जोडणे. त्याने मुंग्या तत्काळ थांबतात, मीटरवरचे आकडेही बरोबर दिसतात, परंतु बाहेर न्यूट्रल तुटला की संगणकाच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. ही युक्ती मी घराघरांत पाहिली आहे आणि ती पाहून जीव कासावीस होतो. शक्य असेल तर मीटरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

आता क्षणभर फिरून थांबणाऱ्या पंख्याविषयी. एसएमपीएस सुरू होतो, पुढे कोठेतरी शॉर्ट आढळतो आणि तो स्वतःला बंद करून घेतो, असा याचा अर्थ आहे. केबल काढून सर्व यूएसबी उपकरणे सोडवावीत आणि कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी खाचांत पाहावे. पेन ड्राइव्ह उलटा घुसवल्याने आतली पट्टी वाकून पत्र्याला टेकलेली असणे हे मुले असलेल्या घरांत नेहमी दिसते. ती वाकलेली असेल तर पुढच्या यूएसबीची तार मदरबोर्डावरून काढून टाकावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. कॅबिनेटमध्ये सुटून पडलेला एखादा स्क्रू किंवा मेलेली पालही हेच करू शकते. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत मात्र हे काम घरी करू नये.

प्रश्न : माझ्या संगणकाचे पंखे फिरतात, दिवा लागतो, परंतु पडदा काळाच राहतो. मित्र म्हणतो की मदरबोर्डावरचा सेल संपला आहे. खरे आहे का?
— एक विद्यार्थी, येळ्ळूर

उत्तर : तो सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल आहे. तो संपला की घड्याळ आणि बायॉसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या) नोंदी पुसल्या जातात, संगणक सहसा सुरू होतोच. मोजून पाहा, २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. तुझ्या बाबतीत पहिला संशय रॅमवर घ्यावा. पावसाळी दमट हवेने तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पुटे चढतात. केबल काढून रॅम बाहेर घ्यावी, पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, खोडरबराचा भुगा झटकून टाकावा आणि दोन्ही बाजूंच्या कड्या ‘टक्’ असा आवाज करून बसेपर्यंत ती खाचेत दाबावी. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी चुकून मदरबोर्डाला लागली आहे का, तेही पाहून घे.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक आहे. गेल्या सात-आठ वर्षांचे माझे सर्व लेखन, टिपणे आणि सीमाभागातील मराठी शाळांविषयी गोळा केलेली माहिती एकाच संगणकात आहे. तो आता अजिबात सुरू होत नाही. दुकानदार नवा संगणक घ्या म्हणतो. माझे लेखन गेले का?
— एक ज्येष्ठ वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : सर, बहुतेक करून गेलेले नाही. संगणक सुरू न होणे आणि त्यातली माहिती नष्ट होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपले लेखन एसएमपीएसमध्ये किंवा मदरबोर्डात नसते, ते हार्ड डिस्क किंवा एसएसडी या साठवणुकीच्या भागावर असते, आणि तो भाग चार स्क्रू काढून बाहेर घेता येतो. यूएसबीला जोडण्याचा एक साधा अ‍ॅडाप्टर मिळतो. त्याने ती डिस्क दुसऱ्या कोणत्याही संगणकाला पेन ड्राइव्हप्रमाणे लावता येते आणि लेखन उतरवून घेता येते. साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर अ‍ॅडाप्टरसोबत स्वतंत्र वीजपुरवठाही हवा, हे खरेदी करताना सांगावे.

दुसऱ्या संगणकाने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणावे आणि तेथेच थांबावे. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला तरी वीज लगेच बंद करावी. अशा वेळी प्रत्येक नवा प्रयत्न डिस्कला अधिक इजा करतो आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच ती सोपवणे योग्य असते. विंडोज १० किंवा ११ असलेल्या काही संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. ४८ अंकी किल्ली मागितली गेली तर घाबरू नये, ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते आणि खात्यात प्रवेश करून पाहता येते.

डिस्क स्वतः काढणे जमणार नसेल तर दुरुस्तीसाठी देताना तिच्यावरचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि ‘माहिती पुसू नये’ हे शब्दही त्याच पावतीवर लिहून घ्यावेत, कारण दुरुस्ती म्हणजे विंडोज नव्याने टाकणे, असे समजणारेही काही जण असतात. नवा संगणक घ्यायचा की नाही, हे लेखन हाती आल्यावर ठरवावे. तोपर्यंत जुना कोणालाही एक्स्चेंजमध्ये देऊ नये. सीमाभागातील मराठी शाळांची आपण गोळा केलेली माहिती परत मिळाली की तिच्या दोन प्रती कराव्यात. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर घरी ठेवावी आणि दुसरी आपल्या घराबाहेर, एखाद्या विश्वासू स्नेह्याकडे किंवा जवळच्या वाचनालयात ठेवावी.